अंध मुअज्जिनाची अजान आणि आपली कामाची ठिकाणे

रमजानमध्ये सहरी कधी थांबवायची, हे आज आपण छापील वेळापत्रकात पाहतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या मदीनेत असे वेळापत्रक नव्हते. तेथे पहाटेच्या सुमारास दोन वेळा अजान होत असे. पहिली अजान हजरत बिलाल (रजि.) देत, तेव्हा रात्र अजून शिल्लक असे. झोपलेल्यांनी जागे व्हावे आणि नमाज पढत असलेल्यांनी थोडी विश्रांती घ्यावी, हा तिचा हेतू होता. दुसरी अजान हजरत अब्दुल्लाह बिन उम्मे मक्तूम (रजि.) देत. प्रेषितांनी (स.) लोकांना सांगून ठेवले होते की, बिलाल यांच्या अजानवर खाणे-पिणे थांबवू नये, इब्ने उम्मे मक्तूम यांची अजान होईपर्यंत खाता-पिता येईल. ही हदीस सहीह बुखारी व सहीह मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे आणि रोजाच्या नियमांच्या प्रकरणात आपण ती अनेकदा ऐकलेली असते.

वाचक बंधू-भगिनींनो, या हदीसमधील एका गोष्टीकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते. हजरत इब्ने उम्मे मक्तूम (रजि.) अंध होते. पहाट फुटली की नाही, हे क्षितिजावरचा उजेड पाहून ठरवायचे असते. म्हणजे जे काम डोळ्यांवर अवलंबून आहे, ज्यावर साऱ्या शहराचा रोजा आणि फज्रची नमाज अवलंबून आहे, ते काम एका अंध सहाबींकडे सोपवले गेले होते. हे कसे शक्य झाले, याचे उत्तर त्याच हदीसच्या शेवटी आहे. पहाट झाली, असे लोक त्यांना सांगत आणि तेव्हाच ते अजान देत.

आवाज त्यांचा होता, जबाबदारी त्यांची होती, विश्वासार्हता त्यांची होती. कमी होती ती फक्त नजर, आणि तेवढी नजर समाजाने त्यांना उसनी दिली. ते अंध आहेत म्हणून त्यांना दुसरे एखादे सोपे काम द्यावे, असे प्रेषितांनी (स.) ठरवले नाही. कामात जो एक भाग त्यांना जमणारा नव्हता, तेवढ्यापुरती मदत उभी करण्यात आली आणि ही व्यवस्था कायम चालू राहिली. दिव्यांग व्यक्तींना काम देणे आणि ते टिकवणे, याविषयीची इस्लामची संपूर्ण शिकवण या एका व्यवस्थेत सामावलेली आहे. या पाठात आपण तिचाच विचार करणार आहोत.

सूरह अबसची शिकवण

हजरत इब्ने उम्मे मक्तूम (रजि.) यांचे नाव कुरआनच्या 80व्या सूरहशी जोडलेले आहे. मक्केत एकदा प्रेषित (स.) कुरैशच्या सरदारांना इस्लामचा संदेश समजावून सांगत होते. हे प्रभावशाली लोक सत्याकडे वळले तर अनेकांचा मार्ग सुकर होईल, अशी त्यामागे तळमळ होती. तेवढ्यात हे अंध सहाबी आले आणि मला शिकवा, असे वारंवार म्हणू लागले. बोलण्यात व्यत्यय आल्यामुळे प्रेषितांच्या (स.) चेहऱ्यावर नाराजी उमटली आणि त्यांनी मुख दुसरीकडे वळवले. त्यावर सूरह अबसच्या आरंभीच्या आयती अवतरल्या. जो बेपर्वा आहे त्याच्याकडे लक्ष आणि जो अल्लाहचे भय बाळगून धावत आला आहे त्याच्याकडे दुर्लक्ष, असे होऊ नये, असा त्यांचा आशय आहे.

येथे क्षणभर थांबून विचार करा. कपाळावरची आठी त्या सहाबींना दिसणारच नव्हती. त्यांच्या मनाला ती बोचण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही अल्लाहने तिची दखल घेतली आणि ती दखल अंतिम दिवसापर्यंत पठण होणाऱ्या ग्रंथात कायम केली. जी वागणूक दिव्यांग माणसाला दिसत नाही, ऐकू येत नाही किंवा समजत नाही, तिचाही हिशेब होणार आहे, हा यातील धडा आहे. मुलाखतीला आलेल्या माणसाच्या कुबड्या पाहून मालकाने व्यवस्थापकाकडे टाकलेला कटाक्ष, कर्णबधिर कामगाराच्या पाठीमागे केलेली नक्कल, हे सारे त्यात आले.

यानंतर प्रेषितांनी (स.) या सहाबींचा जो सन्मान राखला, तो केवळ शब्दांचा नव्हता. मोहिमेवर जाताना त्यांनी मदीनेत आपला प्रतिनिधी म्हणून इब्ने उम्मे मक्तूम (रजि.) यांना नेमले आणि लोकांची इमामत त्यांच्याकडे दिली. सुनन अबू दाऊदमध्ये असे दोनदा घडल्याचा उल्लेख आहे. इतिहासकारांनी याहून अधिक प्रसंग नोंदवले आहेत. शहराचा कारभार पाहणे आणि पहाटेची अजान देणे ही दोन्ही जबाबदारीची कामे आहेत. सन्मानाचे खरे रूप सत्कारात किंवा शालीत नसून सोपवलेल्या जबाबदारीत असते, हे यावरून स्पष्ट होते.

सोय कोणती हवी, हे कोणाला विचारावे?

सूरह निसाची 95वी आयत घराबाहेर पडून अल्लाहच्या मार्गात झटणारे आणि घरी बसून राहणारे सारखे नाहीत, असे सांगते. ही आयत हजरत जैद बिन साबित (रजि.) लिहून घेत असताना इब्ने उम्मे मक्तूम (रजि.) यांनी आपली अडचण मांडली: माझ्या अंधत्वामुळे मला जाता येत नाही, मग माझे काय? तेव्हा ज्यांना खरी असमर्थता आहे त्यांना वगळणारे शब्द त्याच आयतीत अवतरले. बुखारीच्या संग्रहात हा प्रसंग आहे. एका अंध माणसाचे म्हणणे ऐकले गेले आणि साऱ्या उम्मतसाठीच्या नियमात त्याची नोंद झाली, याहून मोठा आदर कोणता असू शकतो?

मात्र सवलत म्हणजे सरसकट बाजूला सारणे नव्हे. पुढील दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहा. मदीनेत हजरत इतबान बिन मालिक (रजि.) यांची नजर अधू होती आणि ते आपल्या लोकांची इमामत करत. पाऊस आला की त्यांचे घर व मस्जिद यांच्यामधला ओढा वाहू लागे आणि जाणे अशक्य होई. त्यांनी विनंती केली, तेव्हा प्रेषित (स.) स्वतः हजरत अबू बक्र (रजि.) यांच्यासह त्यांच्या घरी गेले, त्यांनी दाखवलेल्या जागी नमाज अदा केली आणि ती जागा त्यांची नमाजची जागा ठरली. दुसरीकडे, एका अंध सहाबींनी घरीच नमाज पढण्याची परवानगी मागितली, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना विचारले की, अजान ऐकू येते का? ते होय म्हणाले, तेव्हा हाकेला ओ देण्यास सांगितले. अबू दाऊदच्या संग्रहात हे सहाबी इब्ने उम्मे मक्तूम (रजि.) असल्याचे आले आहे.

खरी अडचण असलेल्याला जमाअतमधून सूट आहे, हे विद्वानांनी स्पष्ट केलेच आहे. आपल्या विषयासाठी महत्त्वाचे हे की, दोघांचीही दृष्टी अधू असताना दोघांविषयीचा निर्णय वेगळा झाला. निर्णयाआधी परिस्थिती विचारली गेली. अंध म्हटले की अमुक जमणार नाही, असा शिक्का आधीच मारला गेला नाही. म्हणून दिव्यांग उमेदवार समोर आला की, हे काम करताना तुम्हाला कोठे अडचण येईल आणि काय केले म्हणजे ती दूर होईल, हा प्रश्न प्रथम त्यालाच विचारला पाहिजे. त्याच्या वतीने उत्तर गृहीत धरण्याचा अधिकार कोणालाही नाही.

मालकाचे कर्तव्य: ओझे आणि मदत

हजरत अबू जर (रजि.) यांच्या प्रसिद्ध हदीसमध्ये प्रेषितांनी (स.) हाताखाली काम करणाऱ्यांना भाऊ म्हटले आहे. आपण खातो ते त्यांना खाऊ घालावे, आपण नेसतो ते त्यांना नेसवावे, झेपणार नाही असे काम त्यांच्यावर लादू नये, आणि तसे काम सांगितलेच तर त्यांना मदत करावी, असा तिचा आशय आहे. शेवटचे वाक्य आपल्या विषयाचा पायाच आहे. काम अवघड आहे म्हणून माणसाला काढून टाका, असे हदीस म्हणत नाही. मदत करा, असे सांगते. आज कायद्याच्या भाषेत जिला वाजवी सोय म्हणतात, ती याहून वेगळी नाही.

मजुरीच्या बाबतीत तर इशारा अधिक कडक आहे. ज्याने मजुराकडून पूर्ण काम करून घेतले आणि त्याची मजुरी दिली नाही, त्याच्या विरोधात कयामतच्या दिवशी अल्लाह स्वतः उभा राहील, असे बुखारीतील हदीसे कुदसीत आले आहे. दिव्यांग कामगाराने इतरांइतकेच काम केले आणि त्याला कमी मजुरी दिली, तर उरलेली रक्कम कोणाच्या खिशात गेली? त्याला कामावर ठेवले हेच आमचे उपकार, असे म्हणणाऱ्याने या हदीसचा आरसा समोर धरावा. उपकार ही इहसानची बाब आहे, मजुरी ही अदलची बाब आहे. अदल पूर्ण केल्याशिवाय इहसानचा दावा करता येत नाही.

पारख कशाची करावी?

हदीसच्या सनदी वाचताना आअरज आणि आअमश ही नावे वारंवार भेटतात. आअरज म्हणजे लंगडा. हे अब्दुर्रहमान बिन हुर्मुज, हजरत अबू हुरैरह (रजि.) यांच्या प्रमुख शिष्यांपैकी एक. आअमश म्हणजे अधू डोळ्यांचा. हे कूफाचे सुलैमान बिन मिहरान. हजरत कतादह बिन दिआमह जन्मतः अंध होते आणि त्यांच्या स्मरणशक्तीची कीर्ती सर्वत्र होती. हदीस कथन करणाऱ्याची पारख करताना मुहद्दिसांनी अत्यंत काटेकोर कसोट्या लावल्या. त्या कसोट्या सचोटीच्या आणि स्मरणशक्तीच्या होत्या, कारण या कामाला त्याच लागतात. पाय सरळ आहेत का आणि डोळे निकोप आहेत का, हे त्यांनी पाहिले नाही. ही कसोटी त्यांनी शरीरावर लावली असती, तर प्रेषितवचनांचा केवढा मोठा ठेवा आपण गमावला असता!

मक्केचे हजरत अता बिन अबी रबाह यांना तर एकापेक्षा अधिक शारीरिक व्यंगे होती आणि ते वर्णाने काळे होते. तरीही उमय्या राजवटीत हज्जच्या दिवसांत अता यांच्याखेरीज कोणी फतवा देऊ नये, अशी घोषणा होत असे. त्याच राजवटीत खलीफा वलीद बिन अब्दुल मलिक यांनी चालू न शकणाऱ्यांसाठी सेवक आणि अंधांसाठी वाटाड्या नेमल्याचे इतिहासात नमूद आहे. मदतीची ही जबाबदारी राज्याच्या खजिन्याने उचलली होती.

आपणही नोकरीची जाहिरात काढताना हाच प्रश्न स्वतःला विचारावा: या कामाला नेमके काय लागते? हिशेब लिहिणाऱ्याला जिना चढण्याची गरज असते ती केवळ कार्यालय माडीवर असल्यामुळे. शिवणकाम करणाऱ्याला ऐकू येण्याची गरज असते ती केवळ सूचना तोंडी दिल्या जातात म्हणून. टेबल खाली आणले आणि माप कागदावर लिहून दिले, की ती गरज संपते.

देशाचा कायदा

2011च्या जनगणनेत भारतात 2 कोटी 68 लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. त्यांपैकी सुमारे 29 लाख 60 हजार महाराष्ट्रातील होत्या. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, 2016 हा कायदा एप्रिल 2017पासून अमलात आला. त्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार मान्य केले आहेत. सरकारी आस्थापनांत किमान 40 टक्के दिव्यांगत्व प्रमाणित असलेल्यांसाठी किमान 4 टक्के पदे राखीव आहेत. सरकारी सेवेत असताना कोणाला दिव्यांगत्व आले, तर त्याला कामावरून कमी करता येत नाही किंवा त्याचा दर्जा उतरवता येत नाही. ते पद जमत नसेल तर समान वेतनाच्या दुसऱ्या पदावर त्याची बदली करावी लागते. खासगी आस्थापनांनीही समान संधीचे धोरण जाहीर करावे, अशी तरतूद आहे. त्यांच्या एकूण कर्मचाऱ्यांत किमान 5 टक्के दिव्यांग असावेत, यासाठी सरकारने प्रोत्साहनपर सवलती द्याव्यात, असेही कायदा सांगतो. महाराष्ट्रात डिसेंबर 2022पासून दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग आहे. ज्या कुटुंबांनी अजून वैश्विक ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड काढलेले नाही, त्यांनी ते काढून घ्यावे. राखीव जागा आणि योजना यांच्या दारातील ती पहिली पायरी आहे.

कायदा किमान मर्यादा घालून देतो. श्रद्धावंताला मात्र त्याच्या पुढे जायचे असते, कारण त्याचा हिशेब निरीक्षकाला द्यायचा नसून अल्लाहला द्यायचा आहे. छोट्या कारखान्याला सरकारी आस्थापनांचे नियम लागू होत नसतील, पण हजरत अबू जर (रजि.) यांची हदीस लागू आहेच.

नोकरी टिकत का नाही?

दिव्यांग व्यक्तीला काम मिळणे कठीण असते, आणि मिळालेले काम टिकणे त्याहूनही कठीण. यामागील कारणे ओळखली पाहिजेत.

पहिले कारण चेष्टा. नावे ठेवणे, नक्कल करणे, व्यंगावरून हाक मारणे यांना सूरह हुजुरातच्या 11व्या आयतीने स्पष्ट मनाई केली आहे. हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांच्या बारीक पायांना पाहून काही सहाबी हसले, तेव्हा अल्लाहच्या तराजूत हे पाय उहुद पर्वतापेक्षा जड भरतील, असे प्रेषितांनी (स.) सांगितल्याची हदीस मुसनद अहमदमध्ये आहे. कारखान्यात चेष्टा चालू राहते ती मालक ऐकूनही गप्प राहतो म्हणून. प्रेषित (स.) गप्प राहिले नाहीत.

दुसरे कारण दया. हे ऐकून आश्चर्य वाटेल. माणसाला कामावर ठेवले जाते, पण त्याच्याकडे काम सोपवलेच जात नाही. तू बस, आम्ही करतो, असे म्हटले जाते. काही महिन्यांत तो काहीच शिकलेला नसतो आणि मंदी आली की सर्वांत आधी त्याचेच नाव कमी होते. काम न शिकवणारी दया शेवटी बेकारीकडेच नेते.

तिसरे कारण एकटेपण. सूरह नूरच्या 61व्या आयतीत अंध, लंगडा व आजारी यांच्यावर काही दोष नाही, असे सांगून सोबत जेवण्याचा विषय आला आहे. भाष्यकारांनी याची पार्श्वभूमी सांगताना म्हटले आहे की, काही लोक दिव्यांगांसोबत जेवण्यास संकोचत, तर काही दिव्यांग स्वतःच इतरांसोबत बसण्यास कचरत. दोन्ही संकोच कुरआनने दूर केले. दुपारी डबे उघडतात तेव्हा आपल्या कारखान्यात कोण कोपऱ्यात एकटा बसतो, हे पाहा. जो जेवणात एकटा असतो, तो अडचण आली तरी सांगत नाही आणि एके दिवशी कामावर येणे बंद करतो.

चौथे कारण जागा. पायऱ्या, अरुंद दार, वापरता न येणारे स्वच्छतागृह. दिवसभर पाणी न पिता बसून राहणारी दिव्यांग भगिनी कामात कमी पडत नसते. तिला जाण्यायोग्य स्वच्छतागृह नसते, एवढेच.

आपल्या कारखान्यांत, दुकानांत आणि संस्थांत

आपल्या समाजातील पुष्कळ कुटुंबांचे पोट शिवणकाम, यंत्रमाग, जरीकाम, बेकरी, गॅरेज आणि लहान दुकाने यांवर चालते. मोठ्या कंपन्यांच्या धोरणांची वाट न पाहता या ठिकाणी आजच काय करता येईल, ते पाहू.

शिवणकामात ज्याचे पाय अधू आहेत, त्याच्यासाठी पायट्याच्या मशीनला मोटर बसवता येते आणि तिचा खटका गुडघ्याने किंवा कोपराने दाबता येईल अशा जागी आणता येतो. कर्णबधिर कारागिराला माप आणि नमुना कागदावर द्यावा, हाक मारण्याऐवजी दिव्याची किंवा हाताची खूण ठरवावी, आणि सोबतच्या दोघा-चौघांनी रोजच्या कामाच्या खुणा शिकून घ्याव्यात. अंध व्यक्तीच्या मोबाइलमध्ये पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी सोय आज मुळातच असते. ग्राहकांचे फोन घेणे, मागणी नोंदवणे, वसुलीची आठवण देणे ही कामे ती व्यवस्थित करू शकते. नोटा ओळखण्यासाठी रिझर्व्ह बँकेने 2020मध्ये मनी नावाचे मोबाइल ॲप काढले आहे. दुकानातील वस्तू मात्र ठरलेल्या जागी ठेवण्याची शिस्त सर्वांनी पाळावी लागते. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या तरुणाला एका वेळी एकच पायरी, रोज त्याच क्रमाने आणि त्याच माणसाने शिकवली, तर पाकिटे भरणे, मोजणे, चिकटवणे अशी कामे तो निष्ठेने करतो. सुरुवातीचे महिने सबुरीचे असतात, हे मालकाने आधीच धरून चालावे.

यंत्रमागाची गोष्ट वेगळी सांगायला हवी. मागांचा खडखडाट वर्षानुवर्षे कानावर पडून कामगाराची श्रवणशक्ती कमी होते. यंत्रात बोटे जाण्याचे अपघातही घडतात. म्हणजे येथे दिव्यांगत्व बाहेरून येत नाही, आपल्याच छपराखाली निर्माण होते. कानात घालायची बोळकी आणि यंत्रावरची जाळी यांचा खर्च वाचवणे आणि नंतर जखमी माणसाला चार पैसे देऊन घरी पाठवणे, हे अमानतमध्ये खयानत करण्यासारखे आहे. ज्याची बोटे आपल्या यंत्राने घेतली, त्याला कायद्याने देय असलेली भरपाई तर मिळालीच पाहिजे. त्याशिवाय तपासणी, नोंदणी, मालाची मोजदाद असे दुसरे काम त्याला दिले पाहिजे. तो धंद्याची खाच-खळग जाणतो. ती जाण फेकून देणे व्यवहारातही नुकसानीचेच आहे.

जागेच्या बाबतीत दोन मापे लक्षात ठेवावीत. चाकाच्या खुर्चीसाठी उतार करताना एक फूट उंचीला किमान बारा फूट लांबी लागते. त्याहून तीव्र उतार धोक्याचा असतो. दार किमान 90 सेंटीमीटर मोकळे असावे.

आता आपल्या मस्जिदी, मदरसे आणि शाळांकडे वळू. विश्वस्त मंडळींनी विचार करावा की, जुमाच्या दिवशी दारात मदतीसाठी बसलेल्या दिव्यांगाला आपण दर आठवड्याला नाणे देतो, पण त्याच संस्थेत कार्यालयाचे, ग्रंथालयाचे, शिकवण्याचे किंवा अजान देण्याचे काम त्याला कधी देऊ केले आहे काय? मदीनेच्या अंध मुअज्जिनांना पहाटेची वार्ता माणसे देत. आज बोलणारे घड्याळ मिळते. ब्रेलमधील कुरआन उपलब्ध आहे आणि अंध हाफिज मुलांना हिफ्ज शिकवू शकतात. वुजूखान्यातील एखादा नळ बसून वापरता येईल असा करणे, दारात चाके पुसण्यासाठी ओले फडके ठेवणे, खुतब्याच्या वेळी खुणांची भाषा जाणणारा एक माणूस पुढे उभा करणे, यांपैकी कशालाही मोठा निधी लागत नाही.

जकात आणि मजुरी यांत गल्लत नको

एक शरई बाब येथे स्पष्ट केली पाहिजे. दिव्यांग कामगाराची मजुरी जकातच्या रकमेतून देता येत नाही. मजुरी हा श्रमाचा मोबदला आहे. जकात मोबदल्याशिवाय द्यायची असते. कामाच्या बदल्यात दिलेली रक्कम जकात म्हणून धरणाऱ्याची जकात अदा होत नाही. मात्र जो जकातला पात्र आहे, त्याला जकातमधून शिलाई मशीन किंवा हत्यारे घेऊन देऊन त्यांचा मालक करता येते. शाफई फिक्हमध्ये तर इमाम नववी यांनी कारागिराला त्याची अवजारे घेण्यापुरते द्यावे, असे स्पष्ट नोंदवले आहे. कोकणातील शाफई कुटुंबांना हा आधार उपयोगी पडेल. तपशिलासाठी आपल्या आलिमांचा सल्ला घ्यावा.

याचा नमुना सुन्नतमध्ये आहे. मदत मागण्यास आलेल्या एका अन्सारींच्या घरातील चादर आणि पेला प्रेषितांनी (स.) दोन दिरहमला विकला. एका दिरहमचे अन्न घरी देण्यास सांगितले आणि दुसऱ्या दिरहमची कुऱ्हाड आणवून तिला स्वतःच्या हाताने दांडा बसवून दिला. ते लाकडे तोडून विकू लागले आणि पंधरा दिवसांनी दहा दिरहम कमावून परतले. अबू दाऊदमधील या प्रसंगात कुऱ्हाडीपेक्षा तो दांडा महत्त्वाचा आहे. हत्यार देऊन प्रेषित (स.) थांबले नाहीत, ते त्या माणसाच्या हातात वापरण्याजोगे होईल, हेही त्यांनी पाहिले.

कुटुंबांना आणि दिव्यांग वाचकांना

ज्या घरात दिव्यांग मूल आहे, त्या आई-वडिलांनी त्याला पाहुण्यांसमोर आणण्याचा संकोच सोडावा. दिव्यांग मुलीच्या बाबतीत, तिला शिकवून काय करायचे, हा प्रश्न मनातूनही काढून टाकावा. आई-वडील कायम राहत नाहीत. हातातील हुन्नर राहतो. मुलाच्या व्यंगाला कोणाच्या पापाची शिक्षा मानणे हेही चुकीचे आहे. दृष्टी गमावून सबूर करणाऱ्याला जन्नतचे वचन आहे, हे बुखारीतील हदीसवरून आपल्याला ठाऊक आहे. पण त्याच्या सबुरीचे फळ त्याच्यासाठी आहे. ते आपल्या बेपर्वाईचे निमित्त होऊ शकत नाही. त्याला सबूर करण्यास सांगणाऱ्या समाजाला अल्लाह त्याच्या वाटेतील पायरीविषयी विचारणार आहे.

दिव्यांग बंधू-भगिनींनो, आपल्यालाही एक विनंती. स्वतःच्या हातांच्या कमाईपेक्षा उत्तम अन्न नाही आणि हजरत दाऊद (अ.) स्वतःच्या हातांची कमाई खात, असे प्रेषितांनी (स.) सांगितले आहे. सोय मागणे म्हणजे भीक मागणे नव्हे, इब्ने उम्मे मक्तूम (रजि.) यांनी आपली अडचण थेट प्रेषितांपुढे मांडली. आणि सोय मिळाल्यावर काम अमानत समजून करावे. मदीनेचे लोक त्या अजानवर रोजा ठेवत, कारण ती कधी अवेळी होणार नाही, याची त्यांना खात्री होती.

घरी चर्चा करण्यासाठी

1. इब्ने उम्मे मक्तूम (रजि.) यांच्या कामातील कोणता भाग त्यांना जमणारा नव्हता आणि तो कसा पूर्ण केला गेला?
2. आपल्या दुकानातील किंवा कारखान्यातील एक काम निवडा. त्याला नेमके काय लागते आणि काय केवळ सवयीने लागते?
3. आपल्या मोहल्ल्यातील मस्जिदीत चाकाची खुर्ची कोठपर्यंत जाऊ शकते? मुलांसह जाऊन पाहा.
4. आपल्या नात्यातील कोणत्या दिव्यांग व्यक्तीला, तुला काय काम करायला आवडेल, असे आपण कधीच विचारलेले नाही?

ज्या समाजाने आपल्या पहाटेची वेळ एका अंध माणसाच्या आवाजावर सोपवली, त्याचे आपण वारस आहोत. त्यांना पहाट झाल्याचे सांगणाऱ्यांची नावे हदीसमध्ये आलेली नाहीत. रोज पहाटे क्षितिजाकडे पाहून एक वाक्य सांगणे, एवढेच त्यांचे काम होते. त्या अनाम लोकांच्या रांगेत उभे राहणे आपल्यापैकी प्रत्येकाला शक्य आहे. अल्लाह आपल्याला ती सद्बुद्धी देवो, आपल्या कमाईत न्याय आणि बरकत देवो, आणि कोणाच्याही वाटेतील पायरी होण्यापासून आपले रक्षण करो. आमीन.